चौकाशी इमान

प्रश्न : अमेरिकेच्या दक्षिणेतले भूमिगत, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांबाहेरचे, रॅपर आपली वस्ती धरूनच का राहतात? हट्ट की नाइलाज?

उत्तर : सुरुवात नाइलाजाची. १९९५ साली न्यूयॉर्कमधल्या एका पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्ट या रॅपर जोडीची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दक्षिणेला तेव्हा तिथे कुणी मोजतच नव्हतं. मग कॅसेट विकायच्या कुठे? मोटारीच्या डिकीतून. टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा डीजे स्क्रू तर घरूनच विकायचा. करड्या कॅसेट, त्यांवर मुद्दाम संथ केलेली गाणी. दारात गाड्यांची रांग लागायची. त्या कॅसेटवर मुलं आपल्या रस्त्यांची, मित्रांची नावं घ्यायची, आणि ऐकणारा त्याच रस्त्यावरचा असायचा. थाप मारली की पकडलीच जायची! माझ्या मते या संगीताचा खरा कस तोच, कंपनीच्या करारात तो मिळत नाही.

स्क्रू २००० साली गेला, अवघ्या २९व्या वर्षी. त्याच्या रेकॉर्डी आज ह्यूस्टन विद्यापीठाने जपून ठेवल्या आहेत, याचा मला फार आनंद आहे.

टेक्सासमधल्याच पोर्ट आर्थर या तेलशुद्धीकरणाच्या गावातली यूजीके ही रॅपर जोडीही ऐका. रात्री, सावकाश. बोलीचे हेल कानाला सरावायला दोन-तीन दिवस लागतील.