सासूबाईंनी पुस्तक कपाटात ठेवलं, आता मुलगी बोलत नाही

पत्र: माझी मुलगी बारा वर्षांची आहे. सुट्टीत तिनं 'द गोल्डन कंपास' हा सिनेमा पाहिला. तो इतका आवडला की तिनं मूळ पुस्तक शाळेच्या ग्रंथालयातून आणलं. निम्म्याहून जास्त वाचून झालं होतं, तेवढ्यात सासूबाईंना महिला मंडळातल्या कुणीतरी मेसेज पाठवला. ही पुस्तकं नास्तिक माणसानं लिहिली आहेत, शेवटी त्यात मुलं देवाला ठार मारतात आणि सिनेमा हे नुसतं आमिष आहे, असं त्यात होतं. सासूबाईंनी पुस्तक काढून घेतलं आणि कपाटाला कुलूप लावलं. तेव्हापासून मुलगी त्यांच्याशी बोलत नाही. रविवारी चर्चला यायलाही नाही म्हणाली. आमचं घर श्रद्धाळू आहे, मीही मनापासून प्रार्थना करते. मुलीनं मला एवढंच विचारलं, "आई, तू वाचलंयस का ते?" मी वाचलेलं नाही. सासूबाई चुकतायत असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. काय करू?
– एक आई

प्रिय ताई,

मुलीनं तुम्हाला नेमका प्रश्न विचारलाय. तेव्हा पहिलं काम तेच: पुस्तक तुम्ही वाचा. तिच्या हाती परत द्यायचं की नाही हे ठरवण्याआधी वाचा आणि वाचतेय असं तिला सांगून वाचा.

मेसेजबद्दल मात्र आजच सांगते, कारण त्यात खरं-खोटं इतकं मिसळलंय की सासूबाईंना घाबरायला कारण आहे. हा मजकूर नवा नाही. २००७ साली सिनेमा आला तेव्हा असाच मजकूर ईमेलवरून जगभर फिरत होता. अमेरिकेतल्या 'कॅथलिक लीग' या संघटनेनं तेव्हा बहिष्काराची हाक दिली होती. सिनेमा सौम्य आहे, पण त्याला भुलून आईवडील नाताळची भेट म्हणून मुलांना पुस्तकं घेऊन देतील, हा त्यांचा आक्षेप होता. तुमच्या मेसेजमधलं 'आमिष' तिथलंच. कॅनडात ऑन्टारियोमधल्या एका कॅथलिक शाळा मंडळानं तर पुस्तक ग्रंथालयाच्या फळीवरून काढून घेतलं होतं.

लेखक फिलिप पुलमन नास्तिक आहेत, हे खरं. त्यांनी ते कधी लपवलेलं नाही, आणि धर्मसत्तेवरचा त्यांचा रागही पुस्तकात उघड आहे. कथेतली 'मॅजिस्टेरियम' नावाची धर्मसंस्था लहान मुलांना पळवून नेते. त्या जगात प्रत्येकाचा आत्मा प्राण्याच्या रूपात सोबत चालतो, आणि ही माणसं मुलांना पापापासून वाचवायचं म्हणून तो आत्मा यंत्रानं कापून वेगळा करतात. हे वाचून श्रद्धाळू माणसाला लागणार. ही फक्त परीकथा आहे, त्यात काय एवढं, असं सासूबाईंना कृपा करून सांगू नका. त्यांना जे दिसलंय ते पुस्तकात आहे.

पण 'मुलं देवाला ठार मारतात' हे तसं नाही. ही गोष्ट तीन खंडांची आहे, आणि तो प्रसंग तिसऱ्या खंडात, 'द अंबर स्पायग्लास'च्या एकतिसाव्या प्रकरणात येतो. तुमची मुलगी अजून पहिल्याच खंडात आहे. स्फटिकाच्या पालखीत कोंडलेला एक जराजर्जर जीव तिथे आहे. तो घाबरलाय, रडतोय, त्याला स्वतःचं भानही उरलेलं नाही. लायरा आणि विल ही दोन मुलं त्याची कीव येऊन पालखी उघडतात, त्याला हात देऊन बाहेर काढतात. मोकळ्या हवेत आल्यावर तो सुटकेचा नि:श्वास टाकतो आणि हवेत विरून जातो. हा जीव सृष्टीचा निर्माता नाही, हे त्याच खंडात सुरुवातीला एक देवदूत सांगून टाकतो: तो पहिला देवदूत होता आणि आपणच निर्माता आहोत असं त्यानं मागून आलेल्यांना खोटं सांगितलं. तुम्ही ज्याच्यापुढे गुडघे टेकता तो हा आहे का, हे प्रकरण वाचून तुम्हीच ठरवा.

रोवन विल्यम्स हे कॅन्टरबरीचे आर्चबिशप होते, म्हणजे अँग्लिकन चर्चचे सर्वांत वरिष्ठ धर्मगुरू. याच कथेवरचं नाटक लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये लागलं तेव्हा, २००४ साली, त्यांनी ते पाहिलं, मनापासून वाखाणलं आणि पुलमन यांच्यासोबत मंचावर बसून जाहीर चर्चा केली. पुलमन यांनी रंगवलेल्या चर्चमध्ये ख्रिस्तच नाही, तारणच नाही, याकडे त्यांनी बोट दाखवलं. अशी कथा धर्मशिक्षणाच्या तासाला चर्चेला घ्यावी, असं त्यांचं मत होतं. आयुष्य धर्मसेवेत घातलेल्या माणसाला ते पुस्तक हाताळायची भीती वाटली नाही, एवढं सासूबाईंना जरूर सांगा. आक्षेप घेणारेही श्रद्धाळूच होते, हेही सांगा.

अशा पुस्तकांबाबत घाईनं दिलेले निवाडे किती चुकतात, याचं मला फार वाईट वाटतं. २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावी एका चर्चच्या आवारात हॅरी पॉटरची पुस्तकं जाळली. सहा वर्षांनी त्या मालिकेचा शेवटचा खंड आला. त्यात हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर 'शेवटचा शत्रू मृत्यू नाहीसा केला जाईल' हे वचन कोरलेलं आहे, बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातलं. मॅडलिन लेंगल यांच्या १९६२ च्या 'अ रिंकल इन टाइम' या मुलांच्या कादंबरीचंही तसंच. बाई स्वतः चर्चला जाणाऱ्या, श्रद्धेनं लिहिणाऱ्या. तरी अंधाराशी लढणाऱ्यांच्या यादीत येशूच्या सोबत गांधी, बुद्ध आणि आइन्स्टाइन ही नावं घेतली म्हणून अनेक पालक ते पुस्तक शाळेतून काढायला निघाले.

आता मुलीकडे येते. मला तिच्या श्रद्धेपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीची काळजी वाटते, आणि ती मेसेजमध्ये कुठेच नाही. सिनेमानं पहिल्या पुस्तकाची शेवटची प्रकरणं गाळून गोड शेवट केलाय. पुस्तकात तसं नाही. जिवाभावाचा मित्र रॉजर, ज्याला वाचवायला लायरा एवढी लांब आलेली असते, तो शेवटी मरतो, आणि त्याला मारणारा लायराचा स्वतःचा बाप असतो. लायरानंच नकळत त्याला तिथवर नेलेलं असतं. सिनेमा पाहून निर्धास्त झालेली मुलगी त्या पानांपाशी एकटी असू नये. तिला आधी काही सांगू नका, तिचा आनंद घालवू नका. फक्त ती तिथे पोचेल त्या दिवशी घरात, तिच्या आसपास राहा.

म्हणून माझं म्हणणं असं की पहिला खंड तिला परत मिळावा. निम्म्याहून अधिक वाचलेली गोष्ट काढून घेतली की उरलेली ती मैत्रिणीकडून मिळवेल, मोबाइलवर वाचेल, आणि मग रॉजरपाशीही एकटी असेल आणि देवाबद्दलच्या प्रश्नांपाशीही. चर्चला नाही म्हणाली, ते पुस्तकामुळे म्हणाली असं मला वाटत नाही. ते कुलपाला दिलेलं उत्तर आहे. तिच्यावर रविवारची सक्ती आत्ता करू नका.

पुढच्या खंडांना मात्र मी सरसकट हो म्हणणार नाही. तिसरा तुम्ही तिच्याआधी वाचा. त्यात मेरी मलोन नावाची शास्त्रज्ञ आहे, पूर्वी नन असलेली. आपण श्रद्धा का सोडली हे ती मुलांना शांतपणे, फार प्रेमानं सांगते. त्या पालखीच्या प्रसंगापेक्षा हे प्रकरण श्रद्धाळू घराला जास्त जड जाईल, कारण मेरी चांगली बाई आहे आणि वाचणाऱ्याला ती आवडते. बारा वर्षांच्या मुलीनं ते आत्ता वाचावं की दोन वर्षांनी, हे तिला ओळखणाऱ्या तुम्ही ठरवायचं. थांबायचं ठरलं तर कारण तिला खरं सांगा. आणि वाचलं तर तुमच्याकडेही सांगायला काहीतरी आहे ना, ताई? तुम्ही मनापासून प्रार्थना करता, असं लिहिलंय. का करता, कधीपासून, कोणत्या अडचणीत देवाचा आधार वाटला, हे तुम्ही तिला कधी सांगितलंय? मेरी मलोनची गोष्ट ती ऐकेल, तशी आईचीही तिला ऐकायला मिळू द्या.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्या पाठीमागे पुस्तक काढून मुलीच्या हाती देऊ नका. त्यांनी जे केलं ते नातीच्या काळजीपोटी केलं, आणि आपल्याला डावललं हे कळलं तर त्यांना ते फार लागेल. तुमच्या पत्रात मिस्टरांचा एका शब्दानंही उल्लेख नाही, हे मला खटकलं. आई त्यांची आहे, मुलगी दोघांची आहे. हे बोलणं त्यांनी करायला हवं, तुम्ही सोबत बसा. "आई, तुमची भीती आम्हाला कळते, पुस्तकात धर्माविरुद्ध लिहिलंय हेही खरं आहे. आम्ही दोघं ते वाचतोय आणि तिच्याशी बोलणार आहोत. तुम्हीही बोला तिच्याशी," एवढं म्हटलं तरी पुरे. पाळकसाहेबांचं मत घ्यायचं असं त्या म्हणाल्या तर आनंदानं घ्या, फक्त मेसेज न दाखवता पुस्तकच दाखवा.

किल्ली सासूबाईंकडून मागून घ्या, आणि जमलं तर पुस्तक त्यांच्याच हातून नातीला द्यायला सांगा. नाही म्हणाल्या तर मिस्टरांनी द्यावं. मुलीला त्याच वेळी सांगा की आजीशी पुन्हा बोलायला लागायचं. आणि ग्रंथालयाची परतीची तारीख उलटली असेल, तर मुदत वाढवून घ्यायला विसरू नका, तुम्हालाही वाचायचंय.