वाचकांचे प्रश्न : चुकलेली सम आणि साडेसातशे डॉलर

प्रश्न : गॅरेज रॉकविषयी कुठेही वाचले, तरी किंग्जमेन या अमेरिकन बँडच्या ‘लुई लुई’चा उल्लेख हमखास येतो. मी ते गाणे मुद्दाम तीनदा ऐकले. शब्द धड कळत नाहीत, गायक मध्येच चुकतो आणि मुळात ते गाणे त्यांचे नाहीच, असेही कळले. मग कीर्ती मूळ कलावंताऐवजी यांच्या पदरात कशी पडली, आणि रचनाकाराला त्यातून काय मिळाले?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या कानांनी ऐकलेले सगळे खरे आहे, गायक चुकतोच. मात्र त्या गाण्याची कीर्ती त्या चुकांसकट झाली आहे.

‘लुई लुई’ रिचर्ड बेरी या लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय गायकाने १९५५च्या सुमारास रचले आणि १९५७मध्ये फ्लिप या छोट्या कंपनीने त्याची तबकडी काढली. आपल्या प्रेयसीकडे परत निघालेला जमैकाचा खलाशी मद्यालयातील लुई नावाच्या माणसाजवळ मन मोकळे करतो, एवढाच त्याचा साधा, किंचित उदास विषय आहे. ज्या ठेक्यावर गाणे उभे आहे, तोही बेरीने क्यूबात जन्मलेल्या रेने टुझेट या वादकाच्या चा-चा-चा या क्यूबन नृत्यसंगीतातील एका रचनेवरून घेतला होता, म्हणजे उसनवारी आधीच सुरू झाली होती. बेरीची तबकडी स्थानिक पातळीवर बऱ्यापैकी खपली आणि विस्मरणात गेली. पुढे लग्नाच्या खर्चासाठी त्याने आपले प्रकाशनहक्क ७५० डॉलरला विकून टाकले.

त्यानंतर हे गाणे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात पोहोचले. टॅकोमा शहरातील रॉकिन रॉबिन रॉबर्ट्स या गायकाने वेलर्स या बँडबरोबर (बॉब मार्लीच्या वेलर्सशी यांचा काही संबंध नाही) त्याचे कव्हर केले, म्हणजे दुसऱ्याचे गाणे आपल्या ढंगात नव्याने गायले, आणि १९६१मध्ये ते सिएटल परिसरात गाजले. मूळ गाण्यातला डुलत चालणारा ठेका जाऊन त्याला आक्रमक रूप आले ते इथे. हे रूप त्या भागातील नाचगाण्याच्या जागांमध्ये इतके रुजले, की तिथल्या प्रत्येक हौशी बँडला ते यावेच लागे. घराच्या गॅरेजमध्ये सराव करणाऱ्या शाळकरी, महाविद्यालयीन मुलांच्या अशाच बँडांमुळे पुढे या संगीताला गॅरेज रॉक हे नाव पडले.

ऑरेगन राज्यातील पोर्टलंडचे किंग्जमेन त्यांपैकीच एक. त्यांचा गायक जॅक एली याने वेलर्सची तबकडी ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणे टाकून गाणी ऐकवणाऱ्या यंत्रावर, ऐकली आणि आठवणीवरून ती साथीदारांना शिकवली. त्या आठवणीत ठेक्यातला एक ठोका गळाला, असे त्यानेच पुढे सांगितले. ६ एप्रिल १९६३ रोजी पोर्टलंडमधील एका स्टुडिओत सुमारे पन्नास डॉलर खर्चून ध्वनिमुद्रण झाले. मायक्रोफोन गायकाच्या डोक्यावर उंच टांगलेला, त्याच्या दातांना तारा बसवलेल्या आणि वाद्ये कानठळ्या बसवणारी, त्यामुळे एलीला मान वर करून अक्षरशः ओरडावे लागले. गिटारचे एकल वादन संपताच तो वेळेआधीच पुढचे कडवे उचलतो, चूक लक्षात येताच थांबतो, आणि ड्रमवादक लिन ईस्टन तेवढ्यात एक तुकडा वाजवून ती फट बुजवतो. आपल्या मैफलीत गवयाची सम हुकली, की तबलजी जसे सावरून घेतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रण करण्याऐवजी तीच तबकडी बाजारात आली.

विशेष म्हणजे त्याच महिन्यात, त्याच स्टुडिओत, पॉल रिव्हिअर अँड द रेडर्स या दुसऱ्या बँडनेही हेच गाणे मुद्रित केले. त्यांचे वादन अधिक सफाईदार होते आणि सुरुवातीला पोर्टलंड परिसरात सरशीही त्यांचीच होती. पण बोस्टनमधील एका रेडिओ निवेदकाने किंग्जमेनची तबकडी ‘आठवड्यातील सर्वात वाईट’ म्हणून ऐकवली आणि श्रोत्यांनी तीच उचलून धरली. वर्ष संपेपर्यंत ती ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होती. माझ्या मते श्रोत्यांची निवड योग्यच होती. रेडर्सचे कव्हर ऐकून बँड चांगला वाटतो, तर किंग्जमेनचे ऐकून आपणही उद्या बँड काढू शकतो असे वाटते, आणि गॅरेज रॉकचे सारे मर्म या दुसऱ्या भावनेत आहे.

शब्द कळत नसल्यामुळे त्यात अश्लील मजकूर असल्याची अफवा पसरली. १९६४मध्ये इंडियानाच्या गव्हर्नरांनी गाणे अश्लील ठरवून ते रेडिओवरून वाजवू नये असे सुचवले, एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने तबकडी वेगवेगळ्या गतींवर वाजवून दीर्घकाळ तपास केला आणि अखेर शब्द कोणत्याही गतीवर कळत नाहीत, असा निष्कर्ष काढला. हे सर्व घडत असताना एली बँडमध्ये नव्हताच. बँडच्या नावाची नोंदणी ईस्टनच्या आईने केली होती. त्या बळावर ईस्टनने गायकाची जागा स्वतःकडे घेतली, एली बाहेर पडला आणि गाणे गाजल्यावर एलीच्या आवाजावर ईस्टन ओठ हलवू लागला.

बेरीचे म्हणाल, तर हक्क विकलेले असल्याने तबकड्यांच्या प्रचंड खपावरचे मानधन त्याच्याकडे आले नाही. १९८०च्या दशकात एका पेयाच्या जाहिरातीसाठी गाण्याची गरज पडली व त्या निमित्ताने वकिलांनी त्याचा शोध घेतला, तेव्हा तो सरकारी मदतीवर दिवस काढत होता. त्यानंतर झालेल्या तडजोडीत त्याला हक्कांचा वाटा परत मिळाला आणि मोठी रक्कमही हाती आली. १९९७मध्ये तो वारला.

प्रश्न : आमचा चार जणांचा बँड एका जुन्या मराठी गाण्याचे कव्हर ध्वनिमुद्रित करू इच्छितो. मूळ गायकाची परवानगी पुरेशी आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. कव्हरच्या बाबतीत मुख्य हक्क शब्द आणि चाल यांच्या मालकाचा असतो. तो बहुधा गीतकार, संगीतकार किंवा त्यांच्याकडून हक्क घेतलेली कंपनी असते. हक्कधारकाची थेट लेखी परवानगी घेणे हा सरळ मार्ग होय. याशिवाय २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले कलम ३१-क (इंग्रजीत 31C) हा वैधानिक परवान्याचा मार्ग आहे : गाणे प्रथम मुद्रित झालेल्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षे उलटलेली असावीत, पूर्वसूचना द्यावी आणि किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ भरावे लागते. हौशी बँडला हा आकडा परवडणारा नाही. चित्रफीत करायची असेल, तर तिची परवानगी वेगळी घ्यावी. आणखी एक अट आहे : कव्हर करताना मूळ कृतीत तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला बदल हक्कधारकाच्या संमतीशिवाय करता येत नाही. जॅक एलीने गाळलेला तो एक ठोका या अटीत बसला असता, असे मला वाटत नाही.