गोठ्याच्या पत्र्याला निबलर

प्रश्न : गोठ्यावर ०.५० मिमीचा रंगीत, पन्हाळीचा पत्रा घालतोय. मागं ग्राइंडरनं कापला, तर पहिल्याच पावसाळ्यात कडा गंजल्या. निबलर (पत्रा कुरतडत कापणारं मशीन) घेऊ का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : जरूर घ्या. ग्राइंडरच्या उष्णतेनं रंग आणि जस्ताचा थर जळतो, म्हणून तो गंज. निबलरचा पंच, म्हणजे वरखाली होणारा कापणारा दांडा, चंद्रकोरीसारखे बारीक तुकडे पाडत पुढं सरकतो. ठिणगी उडत नाही, पत्रा वाकतही नाही. पन्हाळीवर चढताना मशीन पत्र्याला काटकोनात धरा, घाई केली की पंच तुटतो. कापायच्या रेघेवर थोडं तेल सोडा. मशीनवर १.६ मिमी क्षमता लिहिली असेल, तर ती कापता येणारी जाडी साध्या लोखंडाची. स्टेनलेसला कमी धरा.

आणि ते तुकडे! माझ्या टाचेत चपलेतून एक घुसला होता. तुमच्याकडे तर गुरं. वैरणीतून पोटात गेला तर जिवावर बेतेल. चुंबक फिरवून एकूण एक वेचा.