मूडलवर व्हिडिओ कमी, प्रश्न जास्त

मॅडम, तुमची अडचण मला समजली ती अशी: तालुक्याच्या गावचं कॉलेज, बी.एस्सी. पहिल्या वर्षाचं फिजिक्स, तासिका तत्त्वावरची नेमणूक. यंदा कॉलेजने मूडल (अभ्यासाचं साहित्य आणि चाचण्या ऑनलाइन देण्याची प्रणाली) बसवलं आणि दर आठवड्याला तासाभराचा एक व्हिडिओ चढवायचा असं परिपत्रक निघालं. तुम्ही रात्री जागून व्हिडिओ करता, मुलं ते उघडत नाहीत. बऱ्याच मुलींच्या घरी एकच फोन आहे. आणि तुम्ही विचारताय, व्हिडिओ आणखी चांगले कसे करू?

माझं ऐकाल तर व्हिडिओचा नाद सोडा. तोच वेळ प्रश्न तयार करण्यात घाला. मी मूडल वापरायला लागून बरीच वर्षं झाली. त्यातलं मुलांच्या खरोखर उपयोगी काय पडलं असं कुणी विचारलं, तर मी 'क्विझ' असंच सांगेन.

तासाभराचा व्हिडिओ मुलं बघत नाहीत यात त्यांचा आळस शोधू नका. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या कोर्सेसचा २०१४ साली मोठा अभ्यास झाला होता, ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिल्याच्या नोंदींवर. व्हिडिओ कितीही मोठा असला, तरी लोक साधारण सहा मिनिटांच्या पुढे फारसे टिकत नव्हते. ते तर स्वतःहून नाव नोंदवलेले लोक होते. आपल्या मुलांना दिवसाचा दीड जीबी डेटा घरातल्या सगळ्यांत वाटून घ्यायचा असतो. एखादी गोष्ट दाखवल्याशिवाय कळतच नसेल, तर पाच मिनिटांचा व्हिडिओ करा. बाकी तुम्ही वर्गात शिकवताच आहात.

प्रश्न का, तर रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्क्यांना ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. आपली मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स पुन्हा पुन्हा वाचतात, त्यांना सगळं आलंय असं वाटतं, आणि पेपरात हात थांबतो. ही सवय मोडायला दर आठवड्याची छोटी क्विझ हाताशी आहे.

आता प्रश्न कसा असावा? एक नमुना देतो. 'चेंडू सरळ वर फेकला. सर्वांत उंच बिंदूवर त्याचं त्वरण किती?' पर्याय: (ए) शून्य; (बी) जी (गुरुत्व त्वरण), खालच्या दिशेने; (सी) जी, वरच्या दिशेने; (डी) दिशा बदलत असल्याने सांगता येत नाही. बरोबर उत्तर बी. बरीच मुलं 'शून्य' निवडतात, कारण तिथे वेग शून्य आहे हे त्यांना पाठ असतं. मूडलमध्ये प्रत्येक पर्यायाखाली फीडबॅकची वेगळी चौकट असते. आपल्याकडे बहुतेक शिक्षक ती रिकामी सोडतात, आणि खरं शिकवणं तर तिथेच आहे. 'शून्य'च्या खाली लिहा: 'त्वरण शून्य असतं तर वेग बदललाच नसता. मग शून्य झालेला वेग शून्यच राहिला असता आणि चेंडू वरच थांबला असता. तसं होतं का?' मराठीतच लिहा, युनिकोड असल्याने काही अडत नाही. पेपर इंग्रजीत असला तरी चूक कुठे झाली ते मूल मराठीतच नीट समजून घेतं.

गणितांसाठी 'कॅल्क्युलेटेड' प्रकार शिकून घ्या. सरल लंबकाचा आवर्तकाल विचारायचा, तर लांबीच्या जागी महिरपी कंसात चलपद टाका, तिचा पल्ला अर्धा ते सव्वा मीटर ठेवा आणि उत्तराचं सूत्र लिहा. प्रत्येकाला वेगळा आकडा येतो. एकाचं उत्तर ग्रुपवर फिरलं तरी दुसऱ्याच्या कामाचं नाही. पद्धत मात्र एकमेकांना विचारावी लागते, आणि ती विचारलेली आपल्याला हवीच आहे. उत्तरात एखाद-दोन टक्क्यांची सूट ठेवायला विसरू नका, नाहीतर दशांशावरून बरोबर मुलंही चूक ठरतील.

एआयला विचारून उत्तरं भरतील त्याचं काय? भरतील. म्हणून या क्विझला गुण अगदी थोडे ठेवा आणि कितीही वेळा सोडवायची मुभा द्या. फसवून मिळण्यासारखं त्यात काही उरत नाही. खरं मोजमाप वर्गात, समोर बसवून करा.

एका फोनच्या घरांसाठी मूडलच्या मोबाइल अ‍ॅपवर क्विझ ऑफलाइन सोडवता येते. कॉलेजच्या वाय-फायवर उतरवून घ्यायची, एसटीत किंवा घरी सोडवायची, दुसऱ्या दिवशी नेट मिळालं की ती वर जाते. क्विझच्या सेटिंगमध्ये ही परवानगी तुम्हालाच द्यावी लागते. वेळेची मर्यादा लावली की ही सोय बंद होते, आणि फीडबॅक 'डिफर्ड' ठेवावा लागतो, म्हणजे स्पष्टीकरण सबमिट केल्यावर दिसतं. साइटवर मोबाइल सर्व्हिसेस सुरू आहेत ना, हे आधी अ‍ॅडमिनला विचारा. आणि ज्यांना हेही जमत नाही त्यांच्यासाठी जेवणाच्या सुट्टीत लॅबमधले दोन संगणक उघडे ठेवून घ्या. हे मागायला संकोच करू नका.

क्विझ बंद झाली की निकालातलं आकडेवारीचं पान उघडा. कोणता प्रश्न किती टक्के मुलांना आला ते तिथे कळतं. जो अडला तो वर्गात घ्या. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझुर १९९१ पासून 'पीअर इन्स्ट्रक्शन' (मुलांनी एकमेकांना समजावणं) वापरत आले. त्यांचा आडाखा असा की वर्गातल्या साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं उत्तर बरोबर असेल, तर शिक्षकाने लगेच सांगू नये. शेजारच्याशी वाद घालू द्यावा आणि पुन्हा मत घ्यावं. यासाठी यंत्र लागत नाही. जुन्या पुठ्ठ्यांवर ए, बी, सी, डी लिहून वाटा. चेंडूच्या प्रश्नावर मागच्या बाकावरची पोरंसुद्धा हिरिरीने भांडतात, हे मी दरवर्षी बघतो.

तुम्ही एनपीटीईएलचंही, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसचंही विचारलंय. ते स्वयम या केंद्र सरकारच्या पोर्टलवर असतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात, पण विद्यापीठाने आणि कॉलेजने कोणते मान्य केलेत ते लेखी घ्या. एनपीटीईएलमध्ये असाइनमेंटला २५ आणि केंद्रावर जाऊन देण्याच्या परीक्षेला ७५ गुण. सर्टिफिकेटला अनुक्रमे १० आणि ३० लागतात. असाइनमेंटची उत्तरं यूट्यूबवर तयार मिळतात, त्यामुळे मुलं पंचवीसपैकी तेवीस मिळवतात आणि परीक्षेत तीसही गाठत नाहीत. परीक्षेची फी आणि केंद्रापर्यंतचा प्रवास घरी आधी सांगायला लावा. पहिल्या सत्रात कुणावर लादू नका.

राहिले प्राचार्य. परिपत्रकाला थेट नाही म्हणू नका. तुमची नेमणूक बघता ते सोसणारं नाही. पहिल्या घटकाचे वीसेक प्रश्न तयार करा, क्विझ दोन आठवडे चालवा आणि किती मुलांनी सोडवली, कुठे अडली याची छापील प्रत घेऊन भेटा. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइललाही तो कागद व्हिडिओच्या यादीपेक्षा जड पडतो. प्रश्न मूडल एक्सएमएल या फाइल-प्रकारात एक्स्पोर्ट करून ठेवत चला, म्हणजे कॉलेज बदललं तरी तुमचं काम तुमच्यासोबत येईल. माझ्याकडे यांत्रिकी आणि दोलनांची प्रश्नपेढी आहे, निम्मी मराठी फीडबॅकसह. मेसेज करा, आजच पाठवतो.