हातात कसब आहे, अडले ते लेखनात

सप्रेम नमस्कार,

नाशिकच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून आपण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये गेलात, तिथे जर्नीमनचा (प्रशिक्षण पूर्ण केलेल्या कारागिराचा) परवाना मिळवून बारा वर्षे काम केलेत आणि आता व्यावसायिक शाळेत शिकवू इच्छिता. पण शिक्षक-परवान्यासाठीच्या ‘कम्युनिकेशन अँड लिटरसी स्किल्स’ परीक्षेत वाचन उत्तीर्ण होऊनही लेखन २२८ गुणांवर अडकले, असे आपण कळवले आहे. ‘तारा जोडायला शिकवणाऱ्याला निबंध कशाला लिहायला लावतात?’ हा आपला प्रश्न रागातून आलेला असला, तरी त्याचे उत्तर आपल्याच कामात आहे. वर्कशॉपमधील सुरक्षेच्या सूचना, विद्यार्थ्यांच्या कामाचे शेरे आणि पालकांना पत्रे हे सारे तिथल्या शिक्षकालाच लिहावे लागते.

उत्तीर्ण होण्यासाठी २४० गुण लागतात. पण हे गुण ठरावीक मोजपट्टीवर बसवलेले असल्यामुळे १२ गुण कमी पडले म्हणजे बारा प्रश्न चुकले, असा हिशेब करू नये. व्यावसायिक शिक्षकांसाठी ‘व्होकेशनल टेक्निकल लिटरसी स्किल्स’ ही पर्यायी परीक्षाही आहे, परंतु सध्याच्या परीक्षेत आपला वाचनाचा भाग पुन्हा द्यावा लागणार नाही, म्हणून मी आपल्याला आता वाट बदलायला सांगणार नाही.

आपण सोबत पाठवलेला सरावनिबंध मी दोनदा वाचला. विचार नेटके आहेत. घोटाळा वाक्यांचा आहे. ‘आय ॲम वर्किंग इन धिस ट्रेड सिन्स ट्वेल्व्ह इयर्स’ हे वाक्य ‘मी बारा वर्षांपासून काम करतो आहे’ याचेच इंग्रजी रूप आहे. तिथे ‘हॅव बीन वर्किंग’ आणि ‘फॉर’ हवे. ‘द पॅनल वॉज ओपन, वी कुड नॉट टच इट’ अशी दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे मराठीत खपते, इंग्रजीत मात्र ती चूक धरली जाते. ‘ए’ आणि ‘द’ तर निबंधात अकरा ठिकाणी गळले आहेत, कारण आपल्या भाषेत त्यांची गरजच नसते. या तीन सवयी सुटल्या, तर लेखनाच्या परीक्षेतील वाक्यदुरुस्तीच्या प्रश्नांतही त्याचा फायदा होईल, कारण तिथे दिलेल्या वाक्यातील चुका शोधून ते नव्याने लिहायचे असते.

म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करणारी जाडजूड पुस्तके (दुकानदार तीच पुढे करतात) बाजूला ठेवावीत. रोज संध्याकाळी दिवसभराच्या एका कामाचा अहवाल दहा वाक्यांत लिहावा, दुसऱ्या दिवशी तो मोठ्याने वाचून केवळ याच तीन चुकांवर लाल शाई फिरवावी. परीक्षेत उताऱ्याचा सारांशही लिहायचा असतो; त्याच्या सरावासाठी इलेक्ट्रिकल कोडमधील (वीजजोडणीच्या नियमपुस्तकातील) एखादा परिच्छेद घ्यावा. ‘शॅल’ आणि ‘अनलेस’ यांनी भरलेली ती वाक्ये आपण रोज वाचता, म्हणूनच वाचनाचा भाग आपल्याला जड गेला नाही. सारांशात मात्र स्वतःचे मत घालू नये; आपल्या निबंधाचा सूर पाहता हा मोह आपल्याला होईल, असे वाटते.

इंग्रजी चांगले जाणणाऱ्या माणसाकडून घड्याळ लावून लिहिलेले दोन निबंध तपासून घ्यावेत आणि त्यांत या तिन्ही चुका दिसल्या नाहीत, तरच परीक्षेची तारीख नक्की करावी.

आपला,
करिअर मार्गदर्शक