आई गेली, तिच्यासाठी जुन्या गोव्याला गेलो तर इंडल्जन्स मिळतो का? पैसे किती लागतात?

पैसे शून्य. इंडल्जन्स म्हणजे माफ झालेल्या पापांची उरलेली शिक्षा कॅथलिक चर्च माफ करतं ती सूट. पैशावर दिलेले सगळे इंडल्जन्स पाचवे पोप पायस यांनी 1567 मध्येच रद्द केले. मिस्सेसाठी (चर्चमधल्या उपासनेसाठी) आपण देतो ते दान वेगळं, त्याची गल्लत करू नका.

गोव्याला जा, अवश्य जा. तिथलं बॉम जेजू चर्च बॅसिलिका आहे, म्हणजे पोपने खास दर्जा दिलेलं, त्यामुळे वर्षातून एकदा स्वतः निवडलेल्या दिवशी तिथे भक्तीने 'आमच्या बापा' ही प्रार्थना आणि विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली) म्हटला की पूर्ण इंडल्जन्स, म्हणजे सगळ्या शिक्षेची सूट, मिळतो आणि तो आईच्या आत्म्यासाठी देता येतो. चोर्ल्याच्या घाटातून सकाळी निघालात तर रात्री बेळगावात परत.

पण त्यासाठी घाट उतरायलाच हवा असं नाही. 1 ते 8 नोव्हेंबर, रोज आपल्याच दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली तरी पूर्ण इंडल्जन्स मिळतो, दिवसाला एक. आम्ही खानापूरकडची माणसं आदल्या दिवशी काथ्या घेऊन थडग्यावरचं पावसाळी शेवाळ घासतो, मग झेंडू, मेणबत्ती. वारा असला की मेणबत्ती नारळाच्या करवंटीत ठेवायची.

अटी मात्र पाळा: धर्मगुरूकडे पापनिवेदन (आधी-नंतर वीसेक दिवसांत चालतं), शक्यतो त्याच दिवशी कम्युनियन (मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद घेणं), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि पापाची ओढ मनातून काढणं. शेवटची अट सगळ्यात जड, भाऊबंदकीत जमिनीची केस चालू असेल तर विचारूच नका!

आणि हो, हा इंडल्जन्स दुसऱ्या जिवंत माणसाच्या नावे देता येत नाही. वडिलांचा त्यांनी स्वतःच मिळवायचा.