शेतीखात्याचं कर्ज, पण शेतकरी असायची अट नाही

अमेरिकेतल्या लहान गावांत राहणाऱ्या वाचकांनी या वेळी घरकर्जाबद्दल विचारलं आहे. मोठ्या शहरात दहा लेंडर (कर्ज देणाऱ्या संस्था) मागे लागतात. गावात एखादी बँक, एखादी क्रेडिट युनियन, आणि तिथे मिळालेलं उत्तर अखेरचं वाटतं. बहुतेक वेळा ते अखेरचं नसतं, म्हणून उत्तरं सविस्तर देत आहोत.

प्रश्न: आम्ही आयोवातल्या नऊ हजार वस्तीच्या गावात राहतो. आमच्या सगळ्यांकडे ग्रीन कार्ड आहे. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो, पत्नी घरी असते. १९ वर्षांचा मुलगा कॉलेज करून दुकानात काम करतो, मुलगी १४ वर्षांची आहे आणि माझी आई कायमची आमच्याकडे आहे. २ लाख २० हजार डॉलरचं घर पाहिलंय. बँक ५ टक्के डाउन पेमेंट मागते, ते जमत नाही. यूएसडीएचं, म्हणजे अमेरिकेच्या शेतीखात्याचं, कर्ज शेतकऱ्यांनाच मिळतं का?

उत्तर: नाही. खातं शेतीचं असलं तरी कर्ज राहत्या घरासाठी आहे. उलट उत्पन्न देणारी शेती घराला जोडलेली असेल तर ती मालमत्ता यात बसत नाही. तुम्ही गृहनिर्माण कायद्याच्या कलम ५०२ चं हमीचं कर्ज बघा. पैसे लेंडर देतो, हमी यूएसडीएचा रुरल डेव्हलपमेंट विभाग देतो. मुदत ३० वर्षं, व्याज स्थिर, डाउन पेमेंट शून्य.

आधी यूएसडीएच्या संकेतस्थळावरच्या नकाशात घराचा पत्ता टाकून पाहा. नऊ हजार वस्तीचं गाव सहसा बसतं, काही भागांत ३५ हजारांपर्यंतची गावंही बसतात. पण मोठ्या शहराच्या कडेला रस्त्याच्या एका बाजूचं घर पात्र आणि समोरचं अपात्र असं घडतं. म्हणून काउंटीच्या नावावर विसंबू नका.

पुढचा मुद्दा उत्पन्नाचा, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, कारण उत्पन्न दोनदा मोजलं जातं. पात्रतेसाठी घरात राहणाऱ्या सगळ्या प्रौढांचं उत्पन्न धरतात, मग कर्जावर त्यांची सही असो वा नसो. ते त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांच्या आत असावं लागतं. फेडण्याची ताकद मोजताना मात्र फक्त कर्जदारांचं उत्पन्न धरतात. मुलगा पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर त्याच्या पगारातले वर्षाला फक्त ४८० डॉलर पात्रतेत मोजले जातात. कॉलेजचं पूर्णवेळ नोंदणीचं पत्र फाइलला लावा. त्याने कॉलेज सोडलं तर सगळा पगार मोजला जाईल.

आईमुळे वयस्कांची वजावट मिळेल असं अनेकांना वाटतं. ती वजावट कर्जदार स्वतः ६२ वर्षांचा असेल तर मिळते. तुमचा फायदा वेगळा आहे: मर्यादा १ ते ४ माणसांसाठी एक आणि ५ ते ८ माणसांसाठी त्याहून वरची असते. आई धरून तुम्ही पाच होता. (व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आलेले आईवडील या मोजणीत येत नाहीत.)

हप्त्याचं गणित असं. मुद्दल, व्याज, घरपट्टी, विमा आणि हमीचं वार्षिक शुल्क मिळून करापूर्वीच्या मासिक उत्पन्नाच्या २९ टक्क्यांच्या आत, आणि बाकीची कर्जं धरून ४१ टक्क्यांच्या आत असावं. महिना ५,००० डॉलर मिळत असतील तर घरासाठी १,४५० आणि एकूण २,०५०. गाड्यांचे हप्ते ७०० असतील तर घराला १,३५० च उरतात. गावात गाडीवाचून चालत नाही हे खरं, पण घर घ्यायच्या वर्षी दुसरी नवी गाडी घेऊ नका. आर्थिक बाजू भक्कम असेल तर ही प्रमाणं थोडी ताणता येतात.

खर्च: सुरुवातीला कर्जाच्या १ टक्का हमी शुल्क, तुमच्या घराला सुमारे २,२०० डॉलर. ते कर्जातच घालता येतं. शिवाय वर्षाला ०.३५ टक्के, म्हणजे सुरुवातीला महिन्याला साधारण ६५ डॉलर. डाउन पेमेंट शून्य असलं तरी हातात रोख लागतेच. इसार, घराची तपासणी, अप्रेझल (घराचं मूल्यांकन) आणि क्लोजिंगचा (खरेदी पूर्ण करण्याचा) खर्च आहे. विक्रेता किमतीच्या ६ टक्क्यांपर्यंत खर्च उचलू शकतो. ते बोलीतच लिहून घ्या. अप्रेझल किमतीपेक्षा जास्त आलं, समजा २ लाख २६ हजार, तर वरचे ६,००० क्लोजिंगच्या खर्चासाठी कर्जातून घेता येतात. एफएचएच्या (केंद्र सरकारचा विमा असलेल्या) घरकर्जात अशी सोय नाही.

आता लेंडर. तुमच्या बँकेने हे कर्ज सुचवलं नाही, कारण बहुधा ती हे कर्ज करतच नाही. फोनवर सरळ विचारा: ‘यूएसडीएची हमीची कर्जं करता का, गेल्या वर्षी किती केली?’ राज्यातला दुसऱ्या गावचा लेंडरही चालतो. लेंडरने मंजूर केलेली फाइल पुढे रुरल डेव्हलपमेंटकडे जाते आणि तिथून सशर्त हमीपत्र येतं. म्हणून करारात ३० दिवसांचं क्लोजिंग लिहू नका, ४५ तरी ठेवा. केंद्र सरकारचं कामकाज निधीअभावी बंद पडलं तर हे हमीपत्र निघत नाही. सप्टेंबरअखेर क्लोजिंग येत असेल तर मुदतवाढीचं कलम घालून घ्या.

प्रश्न: मी एच-१बी व्हिसावर कॅन्ससमधल्या ग्रामीण शाळेत शिक्षिका आहे. मला यूएसडीए किंवा एफएचए मिळेल?

उत्तर: दोन्ही नाही. यूएसडीएला नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा कायद्याने ठरवलेला तत्सम दर्जा लागतो. एच-१बी त्यात येत नाही. एफएचएनेही २५ मे २०२५ पासून कायम निवासी नसलेल्यांना कर्ज बंद केलं आहे. जुने लेख वाचून अर्जाची फी भरू नका.

तुमच्यासाठी कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं, कर्ज आहे. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या लेंडरकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या संस्था; फॅनी मेचं ‘होमरेडी’ किंवा फ्रेडी मॅकचं ‘होम पॉसिबल’ लेंडरकडून ३ टक्के डाउन पेमेंटवर मिळतं. कर्जदाराचं उत्पन्न त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत हवं, आणि इथे कर्जदाराचंच उत्पन्न बघतात, घरातल्या सगळ्यांचं नाही. शिक्षकी पगार यात बरेचदा बसतो. मॉर्गेज इन्शुरन्स (कर्ज थकलं तर लेंडरला संरक्षण देणारा विमा) लागतो, पण मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर कर्ज आलं की तो काढायची मागणी करता येते. यूएसडीएचं वार्षिक शुल्क कर्ज असेपर्यंत सुटत नाही. आय-७९७ (व्हिसा मंजुरीची नोटीस), आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) आणि शाळेचं पत्र तयार ठेवा. व्हिसाची मुदत वर्षभर तरी उरलेली असावी अशी अट काही लेंडर स्वतःहून घालतात. तसं झालं तर दुसऱ्याकडे जा. गावातली बँक स्वतःच्या वहीत ठेवायचं, म्हणजे पुढे न विकता स्वतःकडेच ठेवायचं, कर्ज देऊ करेल. त्यात पाच वर्षांनी सगळी बाकी एकरकमी देय आहे का, हे वाचल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न: घर गावाबाहेर आहे, विहीर आणि सेप्टिक टाकी आहे. पाण्याचा नमुना नापास झाला म्हणून लेंडरने फाइल थांबवली आहे. सौदा सोडावा का?

उत्तर: आधी नमुना कशात नापास झाला ते बघा, कारण उपाय त्यावर ठरतो.

कॉलिफॉर्म जिवाणू सापडले असतील तर घाबरू नका. विहीर-व्यावसायिकाकडून विहिरीत आणि नळांच्या लाइनमध्ये क्लोरीन घालून घ्यायचं, ठरलेला वेळ ठेवायचं आणि मग वास पूर्ण जाईपर्यंत पाणी वाहू द्यायचं. हे पाणी सेप्टिकमध्ये सोडू नका, बाहेरच्या नळाने काढा. क्लोरीनमुळे टाकीतले उपयोगी जिवाणू मरतात. क्लोरीन पूर्ण गेल्यावरच पुन्हा नमुना घ्यायचा. घाई केली तर नमुना खोटा पास होतो आणि महिन्याभरात पाणी पुन्हा बिघडतं. विहिरीचं झाकण तडकलेलं असेल तर आधी ते बदला, नाहीतर सगळं व्यर्थ. बाटली प्रयोगशाळेच्या किंवा आरोग्य खात्याच्या माणसाने भरावी. विकणाऱ्याने किंवा तुम्ही भरलेली लेंडर मानत नाहीत.

नायट्रेट लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर प्रकरण वेगळं. मका-सोयाबीनच्या पट्ट्यात ते खतातून उतरतं. क्लोरीनने जात नाही, उकळल्याने पाणी आटून प्रमाण वाढतं. सहा महिन्यांखालच्या बाळांना ते फार घातक आहे. रिव्हर्स ऑस्मोसिस किंवा खोल विहीर हे उपाय आहेत. लेंडर काय मान्य करेल ते आधी लेखी विचारा. शिसं बहुधा जुन्या नळातून किंवा जोडातून येतं, तेवढा भाग बदलावा लागतो.

अंतरंही मोजून घ्या: विहिरीपासून सेप्टिक टाकी ५० फूट, ड्रेन फील्ड (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायची जागा) १०० फूट, मालमत्तेची हद्द १० फूट. ड्रेन फील्डला स्थानिक नियम परवानगी देत असतील तर ७५ फूट चालू शकतं. नापास सौद्यांमध्ये हीच बाब सर्वांत वाईट, कारण विहीर हलवता येत नाही. आयोवासारख्या राज्यात घर विकताना सेप्टिकची तपासणी कायद्यानेच करावी लागते; जमीन गोठली की ती अडते, म्हणून शक्यतो थंडीआधी उरका. घर १९७८ पूर्वीचं असेल तर सोलवटलेला रंगही अप्रेझर नोंदवतो.

दुरुस्ती विक्रेत्याने क्लोजिंगआधी करायची असं लिहून घ्या. नायट्रेट किंवा अंतराचा प्रश्न असेल आणि विक्रेता हलत नसेल, तर इसार परत घेऊन सौदा सोडा.

प्रश्न: पुण्याहून वडील १५ लाख रुपये देणार आहेत. सरळ माझ्या खात्यात मागवू का?

उत्तर: मागवा, पण मार्ग कागदावर दिसायला हवा. वडिलांनी स्वतःच्या खात्यातून, एलआरएस (रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेखाली, ‘गिफ्ट’ असं नमूद करून पाठवावेत. एका आर्थिक वर्षात १० लाखांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते. १५ लाखांवर ते १ लाख होतं, जास्तीचं मागवा किंवा वडिलांना तेवढे जवळ ठेवायला सांगा. हे पैसे बुडत नाहीत, वडिलांच्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळते होतात किंवा परत मिळतात. वर्ष ३१ मार्चला संपतं, तेव्हा काही रक्कम मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये पाठवली तर कापणी टळते.

लेंडरला परतफेड नसल्याचं गिफ्ट लेटर, वडिलांच्या खात्याचा उतारा आणि पैसे पोहोचल्याची नोंद लागते. काका, मावशी, मित्र यांच्या खात्यांतून तुकडे आले की प्रत्येकाचा खुलासा मागतात आणि आठवडे जातात. परदेशी व्यक्तीकडून वर्षात १ लाख डॉलरपेक्षा जास्त भेट आली तर आयआरएसचा (अमेरिकेच्या करखात्याचा) फॉर्म ३५२० भरावा लागतो. तुमची रक्कम त्याच्या बरीच आत आहे.

यूएसडीएचा अर्ज करणार असाल तर एक लक्षात ठेवा. २० टक्के डाउन पेमेंट रोखीत हाताशी असेल आणि कन्व्हेन्शनल कर्ज सहज मिळण्यासारखं असेल, तर तुम्ही या कर्जाला पात्र राहत नाही. गरजेपुरतीच रक्कम मागवा.

प्रश्न: मी मिसिसिपीत नर्सिंग होममध्ये मदतनीस आहे. ग्रीन कार्ड आहे, मुलासह एकटी राहते, पगार कमी आहे आणि क्रेडिट स्कोअरच नाही. भाडं वेळेवर देते. मला कोण कर्ज देईल?

उत्तर: ताई, तुमच्यासाठी कलम ५०२ चंच, पण थेट कर्ज आहे. ते बँकेकडून येत नाही, रुरल डेव्हलपमेंट स्वतः देतं. मुदत ३३ वर्षं, फार कमी उत्पन्नाला ३८. हप्त्याच्या मदतीने व्याज प्रत्यक्षात १ टक्क्यापर्यंत खाली येतं. अर्ज तुमच्या भागातल्या रुरल डेव्हलपमेंटच्या कार्यालयात करायचा. निधी मर्यादित असतो, त्यामुळे थांबावं लागतं. घर निवडून ठेवण्याआधी अर्ज करा. मिळालेली मदत घर विकताना किंवा तिथून राहायला गेल्यावर काही अंशी परत करावी लागते, किंमत किती वाढली त्यावर ते ठरतं.

स्कोअर नसेल तर पर्यायी इतिहास चालतो: भाडं, वीज, फोन, विमा यांचे १२ महिने वेळेवर भरल्याचे पुरावे. भाडं रोख देत असाल तर आजपासून चेकने द्या. आधीच्या महिन्यांसाठी घरमालकाकडून लेखी पत्र आणि पावत्या घ्या. ६४० स्कोअर हवाच असं कोणी सांगितलं तर तो यूएसडीएचा किमान नियम नाही. त्या स्कोअरवर तपासणी सोपी होते, एवढंच.

काही काउंट्यांमध्ये सेल्फ-हेल्प गटही आहेत. त्यात काही कुटुंबं मिळून एकमेकांची घरं बांधतात आणि साधारण ६५ टक्के मजुरी स्वतः करतात. तेवढी किंमत उतरते. पण बांधून होईपर्यंत महिनोन्‌महिने आठवड्याला ठरलेले तास द्यावे लागतात, तुमच्या शिफ्टशी ते जुळतं का ते आधी पाहा.

प्रश्न: बँकेने ‘क्रेडिट’ एवढंच सांगून नकार दिला. पुढे काय?

उत्तर: तोंडी नकारावर उठून येऊ नका. १९७४ च्या समान पतसंधी कायद्यानुसार पूर्ण अर्जावर ३० दिवसांत निर्णय कळवावा लागतो. नकारपत्रात कारण लिहिलेलं नसेल तर ते ६० दिवसांत मागता येतं, आणि कारण नेमकं हवं. पण अर्जच झाला नसेल तर हा हक्क लागू होत नाही. म्हणून नाव, उत्पन्न, सोशल सिक्युरिटी क्रमांक, घराचा पत्ता, अंदाजे किंमत आणि कर्जाची रक्कम या सहा गोष्टी लेखी द्या. त्या मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत लेंडरला लोन एस्टिमेट (कर्जाच्या खर्चाचा लेखी अंदाज) द्यावं लागतं. दोन लेंडरची एस्टिमेट शेजारी ठेवा आणि दुसऱ्या पानावरचा ‘ए’ (A) विभाग, म्हणजे लेंडरचं स्वतःचं शुल्क, आधी ताडून बघा.